पाहिलं तेव्हा तसंच होतं

सात-बाराचा उतारा खरा असतो, पण तो काढला त्या दिवसापुरता. जमिनीचे व्यवहार करणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. उतारा काढला, मालकाचं नाव पाहिलं, इतर हक्कांत बोजा नाही याची खात्री केली, इसार दिला. खरेदीखत व्हायला मधे काही दिवस जातात. तेवढ्यात मालकानं त्याच गटावर कर्ज उचललं, की घेणारा अडकला. तलाठ्यानं चुकीचा उतारा दिला नव्हता, मालक त्या दिवशी खोटं बोलला नव्हता, घेणाऱ्यानंही डोळे झाकून पैसे मोजले नव्हते. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं आणि तरी व्यवहार फसला. म्हणून जाणता वकील दस्ताच्या दिवशी पुन्हा ताजा उतारा काढायला लावतो.

ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये ज्याला रेस कंडिशन म्हणतात, तिचं मूळ इथेच आहे. कोड आधी काहीतरी तपासतो आणि मग त्या तपासणीच्या भरवशावर काहीतरी करतो. फोनपासून बँकेच्या सर्व्हरपर्यंत बहुतेक यंत्रांत आज अनेक कोअर असतात, कर्नल मात्र एकच. सगळे कोअर तोच कोड, त्याच मेमरीवर, एकाच वेळी चालवत असतात. तपासायची ओळ आणि करायची ओळ यांच्या मधल्या फटीत दुसरा एखादा कोअर येतो आणि पहिल्यानं जे पाहिलं होतं ते बदलून जातो. फट बहुधा नॅनोसेकंदांची असते. पण सेकंदाला अब्जावधी सूचना पाळणाऱ्या यंत्राला तेवढी पुरते. आज नाही तर उद्या, या मशीनवर नाही तर त्या मशीनवर, कुणीतरी त्या फटीत सापडतंच.

मी बरीच वर्षं पुण्यात स्टोरेजच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. फाइल-सिस्टिम, ड्रायव्हर, कॅश. म्हणजे ज्या गोष्टी चालतात तोवर कुणाच्या खिजगणतीत नसतात आणि अडल्या की अपरात्री फोन वाजतो. या कामात चुका नाना तऱ्हांच्या भेटतात, पण रेससारखी छळवादी दुसरी नाही. कस्टमरकडे मशीन पडतं, आपल्या लॅबमध्ये पडत नाही. संशय आला त्या जागी दोन प्रिंट टाकाव्यात, तर बगच गायब. प्रिंट काढल्या की पुन्हा हजर. कारण उघड आहे: प्रिंटलाही वेळ लागतो आणि तेवढ्या वेळानं दोन कोअरची नेमकी गाठ पडायची ती टळते. बघायला गेलं की नाहीशा होणाऱ्या अशा चुकांना संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८५ साली ‘हायझेनबग’ म्हटलं होतं. भौतिकशास्त्रातला हा विनोद आमच्या धंद्यात रोजच्या बोलण्यात आला, यावरून त्याची सत्यता कळावी.

अशा बगला पकडायची रीत उलटी आहे. यंत्र वेगानं पळवून तो लवकर सापडत नाही. संशयित फटीत मुद्दाम वेळ कोंबावा लागतो. ‘इथे एक डिले टाकून विंडो वाढव,’ असं आम्ही एकमेकांना सांगतो. जी फट नॅनोसेकंदांची होती ती मिलिसेकंदांची केली, की महिनोन् महिने न दिसणारा क्रॅश चहा संपायच्या आत समोर येतो. २०२० साली लिनक्सच्या ५.८ आवृत्तीत केसीसॅन नावाचं साधन आलं. तेही हेच करतं, फक्त पद्धतशीरपणे: मेमरीला हात लावणाऱ्या एखाद्या कोअरला क्षणभर थोपवून धरतं आणि तेवढ्यात त्याच जागी दुसरं कुणी लिहून जातंय का ते पाहतं.

सापडणं हा झाला अर्धा भाग. सापडलेली रेस दुरुस्त करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. बाहेरच्या माणसाला, आणि आत नव्यानं आलेल्यालाही, उत्तर सोपं वाटतं: कुलूप लावा, म्हणजे लॉक. एक आत असेल तोवर दुसरा बाहेर. हे उत्तर बऱ्याचदा बरोबरही असतं. पण ज्या एका दुरुस्तीनं माझी या विषयाकडे बघायची दृष्टी पक्की केली, तिच्यात लॉकचा काही संबंध नव्हता.

ऑक्टोबर २०१६ची गोष्ट. लिनक्समधली एक चूक उघडकीला आली. तिचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०१६-५१९५, पण जगानं तिला ओळखलं ‘डर्टी काऊ’ म्हणून. ती शोधणारे फिल ओस्टर आपल्या सर्व्हरवर येणारी वेबची वाहतूक नोंदवून ठेवत असत. घुसखोरानं वापरलेला प्रोग्रॅम त्यांना त्या नोंदींतच सापडला. म्हणजे चूक कळली ती कुणीतरी तिचा वापर करून बसल्यावर. ज्या फाइलवर फक्त वाचायचा हक्क आहे, तिच्यात कुठल्याही साध्या युजरला लिहिता येत होतं. आणि सिस्टिमच्या फायलींत लिहिता आलं की मशीनचा मालक व्हायला फारसं काही उरत नाही. २००७ सालच्या २.६.२२ आवृत्तीपासूनची कर्नलं तिच्या तावडीत होती. सर्व्हर होते, घरातले राउटर होते, आणि लिनक्सवरच उभे असलेले अँड्रॉइड फोनही होते.

चूक समजायला कर्नलचा एक करार समजून घ्यावा लागतो. प्रोग्रॅमला एखादी फाइल थेट आपल्या मेमरीत मॅप करून घेता येते. खासगी मॅपिंग मागितलं, तर कर्नल म्हणतं: वाचायला सगळ्यांना मिळून एकच प्रत आहे, खुशाल वाच. लिहायची वेळ आली तर त्या पानाची, म्हणजे मेमरीच्या त्या तुकड्याची, तुझ्यापुरती वेगळी प्रत काढून देईन, तिच्यावर काय हवं ते लिही. मूळ फाइलला धक्का लागणार नाही. याला कॉपी-ऑन-राइट म्हणतात, आद्याक्षरांनी ‘काऊ’. गरज पडेपर्यंत प्रत काढायचीच नाही, या काटकसरीवर आजची बरीचशी मेमरी-व्यवस्था उभी आहे.

या कराराला एक रीतसर अपवाद आहे. डीबगरला चालू प्रोग्रॅममध्ये ब्रेकपॉइंट ठेवायचा असतो, आणि प्रोग्रॅमचा कोड तर फक्त वाचण्यापुरता मॅप केलेला असतो. म्हणून कर्नलमध्ये ‘फॉल-फोर्स’ नावाचा फ्लॅग आहे. तो दिला की वाचण्यापुरत्या पानावरही लिहिता येतं. अर्थात खासगी प्रतीवर, मूळ फाइलवर नाही. लिनक्समध्ये कुठल्याही प्रोसेसला आपली स्वतःची मेमरी एखाद्या फाइलसारखी उघडून तिच्यात याच मार्गानं लिहिता येतं. यात गैर काही नाही. करार पाळला जातो तोवर.

आमच्या उत्पादनात तेव्हा एक जुनं कर्नल होतं. मेनलाइनमधला, म्हणजे लिनक्सच्या मुख्य शाखेतला, या चुकीवरचा पॅच त्याच्यात आणायचं काम टीममधल्या एका नव्या मुलीकडे आलं. सांगलीहून आलेली, कॉलेज संपवून नुकतीच लागलेली. दिवाळी तोंडावर होती, वसुबारस आठवड्यावर. त्यात बगच्या नावात गाय, त्यामुळे कॅन्टीनमध्ये विनोदांना तोटा नव्हता. तिला मात्र विनोदांपेक्षा सांगलीच्या गाडीचं रिझर्व्हेशन दिसत होतं. संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी आली.

“पॅच लागतोय. बिल्डही झालं. पण मला तो कळलेला नाही. तसाच टाकू का?”

“नको. चल, बोर्डावर बघू.”

रेस समजून घ्यायची आमची पद्धत ठरलेली आहे. बोर्डावर दोन रकाने आखायचे, प्रत्येक थ्रेडला, म्हणजे समांतर चालणाऱ्या प्रत्येक कामाला, एक. काळ वरून खाली वाहतो. एका वेळी एकाच रकान्यात एकच ओळ लिहायची. घाई केली तर फट दिसतच नाही.

डाव्या रकान्यात लिहू पाहणारा थ्रेड. तो कर्नलला म्हणतो, या पत्त्यावर लिहायचंय, जबरीनं. कर्नल पेज-टेबलात, म्हणजे कुठल्या पत्त्याला कुठलं पान लावलं आहे त्या तक्त्यात, बघतं. पान नाही. मग ते फाइलच्या पानाची खासगी प्रत काढतं आणि टेबलात लावतं. पुन्हा बघतं. आता प्रत आहे, पण तिच्यावर ‘लिहायला मोकळी’ अशी खूण नाही, कारण मुळात मॅपिंगच वाचण्यापुरतं. लिहायचंय म्हणून मागावं तर पान नाकारलं जातं. नाकारलं म्हणून पुन्हा प्रत काढायला जावं तर प्रत आधीच आहे. हे चक्र कधीच संपणार नाही. इथून सुटायला जुन्या कोडनं एक शक्कल लढवली होती: प्रत तर काढून झाली आहे, आता लिहायच्या इराद्याचा फ्लॅग, ‘फॉल-राइट’, उतरवून टाकू आणि नुसतं वाचायला म्हणून तेच पान मागू. मिळेल ती आपली प्रतच असेल.

“असेलच ना,” ती म्हणाली. “आत्ताच तर काढली.”

मी उजवा रकाना आखला. तिथं त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड. तो एकच काम पुन्हा पुन्हा करतोय. ‘मॅडवाइज’ हा सिस्टिम कॉल वापरून कर्नलला सांगतोय: हे पान मला नको, टाकून दे. हेही अगदी कायदेशीर. आपली खासगी प्रत नको म्हणायचा हक्क ज्याचा त्याला आहे.

डाव्या रकान्यात फ्लॅग उतरला. आणि पुढच्या फेरीला लागण्याआधी, बरोब्बर या जागी, कर्नल थबकून विचारतं, मधे कुणाला प्रोसेसर हवाय का? ‘कॉन्ड-रिशेड’ नावाची ही ओळ शिष्टाचार म्हणून तिथं आहे. लांबलचक काम करताना इतरांना अडवून धरू नये म्हणून. त्या फटीत उजव्या रकान्यातला थ्रेड येतो आणि प्रत फेकून जातो. डावा पुन्हा पान मागतो, पण आता वाचायला. पान नाही. वाचायलाच हवं असेल तर प्रत कशाला काढायची? कर्नल फाइलचं मूळ पान, सगळ्यांचं मिळून असलेलं, टेबलात लावतं आणि डाव्याच्या हाती देतं. डावा त्याच्यावर लिहितो. मूळ फाइल बदलली.

ती बराच वेळ बोर्डाकडे बघत राहिली. मग लॅपटॉप पुढे ओढला. “पण इथे लॉक आहे की! एमएमॅप-सेम घेतलाय.”

“कुणी घेतलाय?”

तिनं कोड खाली-वर केला. “याने घेतलाय. आणि... मॅडवाइजनंही घेतलाय.” थोड्या वेळानं, “दोघांनीही वाचक म्हणून.”

तो लॉक अशा जातीचा आहे, की वाचणारे कितीही एकत्र आत राहू शकतात. लिहिणारा आला तरच बाकीच्यांना बाहेर थांबावं लागतं. तो ज्याची राखण करतो ती गोष्ट म्हणजे मेमरीचा नकाशा: कुठला भाग कुठून कुठपर्यंत, कुणाचा, कशासाठी. त्या नकाशाला दोघांपैकी कुणीच हात लावत नव्हतं, तेव्हा दोघांनी वाचक म्हणून आत असणं रास्तच होतं. पेज-टेबलातली एकेक नोंद बघताना वा बदलताना तिचा वेगळा स्पिनलॉकही घेतला जात होता. म्हणजे प्रत्येक पायरी लॉकखाली होती. दोन पायऱ्यांच्या मधली जागा तेवढी कुणाच्याच ताब्यात नव्हती.

“मग सगळ्यालाच एक मोठा लॉक लावायचा.”

हेही करून झालेलं आहे. १९९६ साली लिनक्स पहिल्यांदा अनेक प्रोसेसरवर चालू लागलं, ते एकाच भल्यामोठ्या लॉकच्या जोरावर. कर्नलमध्ये शिरायचं तर तो घ्यायचा; एक प्रोसेसर आत असताना बाकीचे ताटकळत. बरोबर चालायचं, पण प्रोसेसर वाढवून वेग वाढत नव्हता. त्या एका लॉकचे बारीक बारीक लॉक करत करत तो पूर्ण काढून टाकायला २०११ साल उजाडलं. शिवाय या जागी अडचण आणखी सरळ आहे. पान आणायचं तर कधी कधी डिस्कपर्यंत जावं लागतं, आणि स्पिनलॉक हातात धरून कुणाला डिस्कची वाट बघत बसता येत नाही. फट ठेवावीच लागते. प्रश्न तिला बुजवण्याचा नाहीच. फटीतून परत आल्यावर आपण काय गृहीत धरतो, हा आहे.

लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी केलेला पॅच मोजक्या ओळींचा आहे. लिहायच्या इराद्याचा फ्लॅग उतरवायचा तो खेळ त्यांनी बंद केला. खेळ हा शब्द त्यांचाच, पॅचच्या शीर्षकातला. त्याऐवजी एक नवा फ्लॅग आणला, ‘फॉल-काऊ’. अर्थ इतकाच: या पानाची प्रत काढून झाली आहे. इरादा शेवटपर्यंत इरादाच राहतो, आणि घडून गेलेल्या गोष्टीची नोंद वेगळी होते. पण ही नोंदही जुनी झालेली असू शकते, कारण प्रत काढल्यावर ती कुणी फेकून दिली असेल. म्हणून पान हाती देण्याच्या क्षणी, पेज-टेबलाचा लॉक हातात असताना, आणखी एक खूण तपासली जाते: पान ‘डर्टी’, म्हणजे लिहिलं गेलेलं, आहे का? कॉपी-ऑन-राइटनं काढलेली प्रत डर्टी म्हणून नोंदलेली असते; नुकतंच वाचायला लावलेलं मूळ पान तसं नसतं. नोंद आहे आणि खूणही आहे, तर लिही. नोंद आहे पण खूण नाही, तर मधे काहीतरी घडलं आहे. पहिल्यापासून सुरुवात कर.

मला या दुरुस्तीत जे महत्त्वाचं वाटतं ते हे. जुना कोड घाईत नव्हता, निष्काळजी नव्हता, लॉक विसरलेला नव्हता. अडचणीतून सुटण्यासाठी तो स्वतःशीच खोटं बोलला होता. लिहायचं असताना ‘मला फक्त वाचायचंय’ म्हणाला. त्या क्षणी त्या खोट्यानं काही बिघडत नव्हतं, कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं. पण ते ठाऊक असणं कुठेच लिहिलेलं नव्हतं. फटीतून परत आल्यावर त्याच्या हाती उरलं ते एवढंच, की मला वाचायचंय. आणि कर्नलनं वाचणाऱ्याला जे द्यायचं ते प्रामाणिकपणे दिलं.

आता या पॅचचा दुसरा पदर. त्याच्यासोबतच्या टिपणात टॉरवाल्ड्स यांनी सरळ लिहिलं आहे, की ही चूक प्राचीन आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच ती दुरुस्त करायला गेलो होतो आणि ते काम धड केलं नव्हतं. २००५मधली ती दुरुस्ती लवकरच मागे घ्यावी लागली, कारण आयबीएमच्या एस-३९० मेनफ्रेमवर ती चालेना. त्या यंत्रांवर पान डर्टी झाल्याची खूण पेज-टेबलातल्या नोंदीत नसे. प्रत्यक्ष मेमरीच्या त्या तुकड्याला जोडलेल्या वेगळ्या जागी ती ठेवलेली असे. ज्या खुणेवर दुरुस्ती विसंबून होती ती तिथं अपेक्षित ठिकाणी सापडतच नव्हती. लिनक्सनं एस-३९०साठीही ती खूण पेज-टेबलात ठेवायची सोय केली ती ३.९ आवृत्तीत, २०१३ साली. म्हणजे दुरुस्तीचा रस्ता मोकळा झाला होता, पण त्या रस्त्यानं जायचं राहून गेलं होतं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

आणि ध्यानात का नसावं, याचा अंदाजही टिपणावरून येतो. तेव्हा ही रेस कागदावरची वाटत होती. दोन थ्रेडची इतक्या नेमक्या क्षणी गाठ पडणार कशी? अकरा वर्षांत कर्नलची मेमरी-व्यवस्था समांतर कामासाठी अधिकाधिक मोकळी होत गेली. कोडच्या त्या ओळी जवळपास तशाच राहिल्या, भोवतालचं जग वेगवान झालं आणि कागदावरची शक्यता प्रत्यक्षात उतरली. ‘असं सहसा होत नाही’ हे वाक्य आम्ही इंजिनियर फार सहज उच्चारतो. त्या वाक्यालाही तारीख असते. ती घालायची राहते, एवढंच.

त्या मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिला गाडी गाठायची होती. तिनं विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिला. “मग डर्टी खुणेवर विश्वास ठेवायचा? ती कुणी दुसऱ्यानं लावली तर?” मी म्हटलं, इथे तरी प्रतीशिवाय लागत नाही, आपण बघतोय तेवढ्या कोडात. आमच्या कर्नलपुरतं ते तपासून आम्ही पॅच रिव्ह्यूला पाठवला.

तिची शंका दुसऱ्या ठिकाणी खरी ठरली. कर्नल एरवी चार किलोबाइटच्या पानांत मेमरी वाटतं, पण इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरवर दोन मेगाबाइटची मोठी पानंही देतं. तीच अट पुढे मोठ्या पानांच्या कोडातही आली. त्या कोडात एके ठिकाणी मात्र पान नुसतं वाचायला मागितलं तरी त्याच्या नोंदीवर डर्टी खूण लागत होती. लहान पानांच्या राज्यात जे विधान खरं होतं, ‘डर्टी आहे म्हणजे प्रत काढलेली आहे’, ते मोठ्या पानांच्या राज्यात खोटं होतं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये हे बाहेर आलं, सीव्हीई-२०१७-१०००४०५ या क्रमांकानं. सगळ्या प्रोसेस वाटून घेतात ते शून्यांनी भरलेलं मोठं पान बिघडवता येत होतं. मूळ चुकीइतका अनर्थ त्यातून ओढवला नाही, पण तर्क तोच होता. या वेळी नोंद पुसली गेली नव्हती. नोंदीची साक्ष देणारी खूणच भलत्या कारणानं लागत होती.

पुढे २०२२ साली आणखी एका वाटेनं तीच अट चुकवता येते असं दिसलं. तेव्हा कर्नलवर काम करणाऱ्या डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी फॉल-काऊ हा फ्लॅगच काढून टाकला. एव्हाना कुठलं पान एखाद्या प्रोसेसच्या एकटीच्या मालकीचं आहे, याची स्वतंत्र नोंद कर्नल ठेवू लागलं होतं. मग ‘डर्टी’ वरून अंदाज कशाला? जे जाणून घ्यायचं तेच थेट विचारावं. २००५ची दुरुस्ती मागे घेतली गेली, २०१६ची सहा वर्षं टिकली, २०२२ची आज चालू आहे.

ही कहाणी ऐकून माझे काही मित्र निराश होतात. लिनस टॉरवाल्ड्ससारख्या माणसाची दुरुस्ती टिकत नसेल तर तुमच्या-आमच्यासारख्यांनी काय करायचं? मला उलट वाटतं. २०१६च्या त्या पॅचमध्ये एक छोटं फंक्शन आहे. त्याच्या डोक्यावर टिप्पणी आहे, आशय असा: ‘जबरीनं लिहायची मुभा असेल तर न लिहिण्याजोग्या पानावरही लिहिता येईल, पण कॉपी-ऑन-राइटची फेरी पूर्ण झाली असेल आणि पान डर्टी असेल तरच.’ खाली तीच अट कोडमध्ये. दुरुस्ती कशाच्या आधारावर उभी आहे ते तिनं उघड्यावर मांडलं होतं. म्हणून तर २०१७मध्ये कुणीतरी त्या अटीतला एकेक शब्द घेऊन विचारू शकलं, की डर्टी म्हणजे नक्की काय आणि ते कोण कोण करतं? आणि २०२२मध्ये कुणाला तो आधार बदलून त्याच जागी अधिक भक्कम आधार ठेवता आला. फॉल-राइट उतरवणाऱ्या जुन्या युक्तीत असं खोडून काढण्याजोगं विधानच नव्हतं. ती चालत होती. का चालत होती हे कुठे म्हटलेलं नव्हतं, म्हणून कधी चालेनाशी झाली तेही कुणाला कळलं नाही.

तेव्हापासून टीममध्ये रेसचा पॅच रिव्ह्यूला आला की लॉक कुठे घेतला आणि कुठे सोडला हे मी दुसऱ्या फेरीत पाहतो. आधी वाचतो ते टिपण. कशावर विसंबून आहोत, ते कुठल्या क्षणापर्यंत खरं आहे, आणि त्या क्षणानंतर ते पुन्हा तपासतो की नाही. दोन वाक्यांत हे लिहिता येत नसेल, तर कोड कितीही चाचण्यांतून गेलेला असो, रेस गेलेली नसते. तिची फट तेवढी अरुंद झालेली असते, आणि अरुंद फट रुंद व्हायला नवा प्रोसेसर पुरतो. नव्या मुलांना हा आग्रह सुरुवातीला जाचतो. ‘चालतंय ना’ हा त्यांचा युक्तिवाद असतो, आणि तो त्या दिवसापुरता खराही असतो.

ती मुलगी आता दुसरीकडे वरच्या पदावर आहे. तिचे पॅच अधूनमधून माझ्या वाचनात येतात. कोडपेक्षा टिपण लांब, असं तिच्याबद्दल लोक थट्टेनं म्हणतात. मला ते टिपण वाचून तिच्याशी असहमत होता येतं, नेमकं कुठल्या ओळीवर तेही सांगता येतं. दुरुस्ती कायमची असावी अशी अपेक्षा मी कुणाकडूनच ठेवत नाही. ती चुकली तर कशात चुकली यावर दहा वर्षांनी आलेल्या अनोळखी माणसाला बोट ठेवता यावं, एवढी मात्र ठेवतो.